रुग्णाच्या घरचे शौचालय : एका मोडक्या सीटच्या निमित्ताने

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी अस्थिरोग व भौतिकोपचार या विभागांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या व्यासपीठावरून शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी अशा विषयांवर आपण आजवर ऐकत आला आहात. या वर्षी आमच्या दोन विभागांना बोलण्याचा मान मिळाला, तेव्हा आम्ही कळवलेला विषय कार्यालयाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय होता घरातल्या कमोडची मोडलेली सीट. कार्यक्रमपत्रिकेत अखेर ‘रुग्णाचे घर आणि पुनर्वसन’ असे छापून आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत पूर्वीपासून संकोच बाळगला आहे. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, किंवा नुसते ‘जाऊन येतो’ म्हणणे, एवढ्यावर आपले काम भागते. हा संकोच सभ्यपणाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या प्रांतात गाडगेमहाराजांनी हातात खराटा घेतला आणि ज्या प्रांतातील रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, तेथे निदान रुग्णालयाच्या सभेत तरी हा शब्द मोकळेपणाने उच्चारला जावा, अशी आमची नम्र अपेक्षा आहे. आमच्याकडून तो उच्चारला गेला नाही आणि त्याची किंमत एका आजींना मोजावी लागली. तेथूनच प्रारंभ करतो.

शहात्तर वर्षांच्या या आजी घरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. आमच्या येथे खुब्याचा अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी व्हरांड्यातून फिरून आल्या. घरी सोडताना सूचनांचा छापील कागद दिला. पाय पायावर टाकून बसू नये, जमिनीवर बसू नये, कमरेतून काटकोनापेक्षा अधिक वाकू नये, शौचासाठी कमोडच वापरावा. आम्ही विचारले, ‘‘घरी कमोड आहे ना?’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘आहे, साहेब.’’ आम्ही त्या चौकटीत बरोबरची खूण केली.

घरी गेल्यापासून नवव्या दिवशी पहाटे आजी पुन्हा आमच्याकडे आल्या, त्या रुग्णवाहिकेतून. सांधा निखळला होता. भूल देऊन तो जागेवर बसवावा लागला. त्यानंतर मुलाशी बोलताना कळले, की घरच्या कमोडच्या सीटची डावीकडची बिजागरी दिवाळीपासून तुटलेली होती. सीट एकाच बोल्टवर फिरत असे. घरातली तरुण मंडळी ती उचलून भिंतीला टेकवून ठेवत आणि बाहेरचे भारतीय पद्धतीचे शौचालय वापरत. कमोड केवळ आजींसाठी उरला होता. ‘‘बदलायची राहूनच गेली, साहेब,’’ असे सांगताना त्या गृहस्थांना रडू आवरेना. ते दुकानात एकदा गेले होते. दुकानदाराने कंपनी कोणती, माप काय असे विचारले, ते ठाऊक नव्हते, म्हणून परत आले आणि विषय तेथेच थांबला.

आम्हांला अधिक बोचले ते आजींचे उत्तर. आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ भगिनीने त्यांना विचारले, ‘‘आजी, सीट हलते हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, शस्त्रक्रियेला एवढा खर्च झाला मुलाचा. आणि त्यातून हे काय सांगायचं? मी आपली उजवीकडे तोल धरून बसत होते.’’ पुढे बोलता बोलता असेही कळले, की संध्याकाळी पाच वाजल्यानंतर त्या पाणीच घेत नसत, म्हणजे रात्री उठावे लागणार नाही.

ही पाणी तोडण्याची गोष्ट आम्ही नंतर अनेकांना विचारली आणि ती अनेकांनी कबूल केली. ज्याला शौचालयाची भीती वाटते तो माणूस आधी पाणी कमी करतो, मग रात्रीचे जेवण कमी करतो. त्यातून बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, उठताना चक्कर येते, आणि ज्या पडण्याला तो भीत असतो तेच जवळ येते. आम्ही औषधांच्या चिठ्ठ्या लिहीत राहतो. मूळ कारण मात्र काही शे रुपयांच्या एका प्लॅस्टिकच्या वस्तूत असते.

आता ही वस्तू एवढी महत्त्वाची का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जमिनीवर बसवलेल्या साध्या कमोडचे काठ जमिनीपासून साधारणपणे पंधरा-सोळा इंचांवर असतात. सीटमुळे त्यात आणखी इंचभर उंची येते. निरोगी माणसाला इंचाचा फरक जाणवत नाही. गुडघे आणि मांड्या अशक्त झालेल्या माणसाला मात्र आसन जितके खाली, तितके उठताना अधिक बळ लावावे लागते. मागील बाजूने खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर गुडघा खुब्याच्या वर जाणे हेच धोक्याचे असते, म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे आसन उंच ठेवायचे असते. तेव्हा सीट काढून उघड्या चिनी मातीच्या काठावर बसणे हा पर्याय नव्हे. तो काठ अरुंद, ओला आणि निसरडाही असतो.

दुसरी गोष्ट अशी, की वृद्ध माणूस बसताना शेवटच्या तीन-चार इंचांत स्वतःला जवळजवळ सोडून देतो. त्या क्षणी खालचे आसन अर्धा इंच जरी सरकले तरी तोल सावरायला वेळच उरत नाही. हात जे सापडेल ते धरतो, आणि सापडतो तो बहुधा नळ किंवा फ्लशच्या टाकीचा पाइप. यांपैकी एकही माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेला नसतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. हे साधन ज्या देशांतून आले तेथे कागद वापरतात. आपण पाणी वापरतो. पाणी वापरताना आपण एका मांडीवर भार घेऊन कलतो आणि खाली ठेवलेल्या बादलीतून तांब्या किंवा मग उचलण्यासाठी पुढे वाकतो. हलत्या सीटवर एका बाजूला कलणे आणि त्याच वेळी कमरेतून वाकणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते आजींच्या बाबतीत घडले. खुब्याच्या रुग्णाच्या घरी बादली जमिनीवर न ठेवता बाजूला भक्कम स्टुलावर ठेवावी, अथवा हाताशी फवाऱ्याचा नळ बसवून घ्यावा, ही सूचना आमच्या छापील कागदावर तोवर नव्हती. तो कागद एका परदेशी पुस्तकावरून आम्हीच तयार केलेला होता.

सीट मोडते तरी का? घरोघरी पाहिल्यावर तीच तीच कारणे आढळली. काही जण कमोडवर उकिडवे बसतात. सवय आयुष्यभराची असते, तेव्हा दोष द्यायचा नाही. परंतु ज्या कमोडला पाय ठेवण्याची सोय नाही त्याच्या सीटवर पाय ठेवून बसले तर बिजागरी तुटते, आणि पाय सटकला तर चिनी मातीची कड फुटून फार खोल जखमा होतात. अशा जखमा आम्ही शिवलेल्या आहेत. काही घरांत माळ्यावरचे सामान काढण्यासाठी झाकणावर उभे राहतात. झाकण हे झाकण्यासाठी असते, उभे राहण्यासाठी नव्हे, एवढेच येथे म्हणतो. हळूहळू मिटणाऱ्या नव्या सीटा घाईने दाबून बंद केल्या की त्यांच्या बिजागरीतील यंत्रणा निकामी होते. परंतु सर्वांत अधिक आढळले ते तीव्र ॲसिड. आठवड्याला कमोडमध्ये ओतलेले ॲसिड आणि त्याची वाफ धातूचे बोल्ट खाऊन टाकते. त्यात पाणी रोजचेच. वरून चकचकीत दिसणारी सीट खालून गंजाच्या एका काडीवर उभी असते.

ॲसिडचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपली शौचालये लहान व बंदिस्त असतात. ‘दोन्ही घातले म्हणजे अधिक स्वच्छ’ हा हिशेब एखाद्या दम्याच्या रुग्णाला थेट आमच्या अतिदक्षता विभागात आणून पोहोचवू शकतो.

आणखी एक बारकी खूण. सीटच्या खालच्या अंगाला रबराचे किंवा प्लॅस्टिकचे चार लहान टेकू असतात. ते निघून पडले तरी कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्यांच्याअभावी बसणाऱ्याचा भार सगळ्या काठावर न पसरता बिजागरीवर व एखाद्याच ठिकाणी पडतो आणि काही महिन्यांत सीटला तडा जातो. तडा बारीक असला तरी वजन पडले की तो उघडतो आणि उठताना मिटतो, मिटताना कातडी चिमटीत धरतो. मधुमेहाने संवेदना गेलेल्या रुग्णाला ती जखम कळतही नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्याला ती कळते, पण लवकर थांबत नाही. तडा चिकटपट्टीने झाकलेल्या सीटा आम्ही पाहिल्या आहेत. पट्टीखाली ओल आणि मळ साचतो, तडा तसाच राहतो.

येथे एक गैरसमजही दूर करतो. सीटवरून गुप्तरोग होतात ही भीती आमच्याकडे अनेक जण, विशेषतः सुना आणि मुली, दबक्या आवाजात बोलून दाखवतात. तसे होत नाही. सीटमुळे त्वचेला होणारा त्रास हा बहुधा सीटवर राहून गेलेल्या तीव्र साबण-द्रवांचा किंवा लाकडी सीटच्या वार्निशचा असतो. साफसफाईनंतर सीट साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, एवढ्याने तो पुष्कळ कमी होतो.

आता बदलण्याविषयी. हे काम अवघड नाही. आमच्या विभागाच्या मदतीला एक निवृत्त फिटर येतात, त्यांनी आम्हांला ते शिकवले; तोवर आमच्यापैकी एकानेही ते केलेले नव्हते. त्यांचे पहिले वाक्य होते, ‘‘डॉक्टरसाहेब, आधी माप, मग दुकान.’’ मापे तीन घ्यायची. कमोडच्या मागील बाजूस जी दोन भोके असतात त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर; ते बहुधा साडेपाच ते सहा इंचांच्या दरम्यान भरते. त्या दोन भोकांना जोडणाऱ्या रेषेपासून कमोडच्या पुढच्या काठापर्यंतची लांबी. आणि सर्वांत रुंद जागी असलेली रुंदी. याखेरीज वर्तमानपत्राचा कागद काठावर पसरून त्याचा आकार पेन्सिलीने उतरवून घ्यावा, कारण काही कमोड गोल, काही लांबट तर काही पुढून चौकोनी असतात आणि शब्दांनी तो आकार दुकानदाराला सांगता येत नाही. जुनी सीट पिशवीत घालून नेता आली तर सर्वांत उत्तम. लाज वाटून लोक ती नेत नाहीत आणि दोन फेऱ्या मारतात. दुकानात विचारायचे ते हे, की बोल्ट खालून आवळायचे आहेत की वरून. भिंतीला लागून असलेल्या काही कमोडना खालून हात जात नाही. त्यांना वरून आवळायची सीट लागते.

जुनी सीट काढण्यापूर्वी कमोडच्या तोंडावर जाड कापड पसरावे, नाहीतर नट आत पडतो. बोल्ट प्लॅस्टिकचा असेल तर खालचा नट हातानेच सुटतो. धातूचा असेल तर वरून बोल्टचे डोके पेचकसाने धरून खालचा नट पान्याने फिरवावा. खरी परीक्षा असते ती गंजलेल्या नटाची. त्यावर गंज सोडवणारे तेल घालून पुष्कळ वेळ, शक्य तर रात्रभर, थांबावे. तरीही सुटला नाही तर जोर करू नये आणि हातोडी तर हातातच घेऊ नये, कारण चिनी माती आधी फुटते आणि नट नंतर सुटतो. अशा वेळी सीट आणि कमोड यांच्या मधल्या फटीत हॅक्सॉचे नुसते पाते घालून, खाली पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरून, बोल्ट सावकाश कापावा. आमच्या फिटरकाकांना आजींच्या घरच्या उजव्या बोल्टसाठी अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आजी बाहेरून दोनदा ‘‘चहा घ्या आधी’’ म्हणाल्या आणि त्यांनी दोनदा ‘‘आलोच’’ म्हटले.

बोल्ट निघाले की भोकांभोवतीचा गंज व क्षार घासून जागा कोरडी करावी आणि त्याच वेळी बोटाने चाचपून भोकापासून तडा गेलेला नाही ना ते पाहावे. चिनी मातीला तडा असेल तर नवी सीट बसवून उपयोग नाही. तो कमोडच बदलावा लागतो. तेथे कोणताही डिंक चालत नाही. नवी सीट बसवताना चिनी माती आणि धातू यांची थेट गाठ पडू देऊ नये, मध्ये रबरी अथवा प्लॅस्टिकचा वॉशर हवाच. बोल्ट शक्यतो गंजरहित पोलादाचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे घ्यावेत. दोन्ही नट आधी हाताने सारखे आवळावेत, सीट काठावर नीट मध्यभागी आली की पान्याने केवळ पाव फेरा द्यावा. अधिक आवळले तर मजबुती वाढत नाही, चिनी माती तडकते. मग सीट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावी. आठवड्याने पुन्हा एकदा नट तपासावेत, कारण वापराने वॉशर दबतो आणि नट सैल होतो. हे शेवटचे सर्वजण विसरतात. आम्हीही एके ठिकाणी विसरलो होतो.

रुग्णासाठी सीट घ्यायची असेल तर दिसण्यापेक्षा जाडी आणि पक्केपणा पाहावा. गुबगुबीत, आत स्पंज असलेल्या सीटा मऊ असतात, परंतु त्यांवरचे आवरण फाटले की आत ओल शिरते. उंची वाढवणारे आसन घेतले तर ते कमोडला पकडीने घट्ट बसणारे घ्यावे; नुसते वर ठेवलेले आसन ही मोडक्या सीटची धाकटी बहीण होय. खुर्चीला मध्ये भोक पाडून ती कमोडवर ठेवण्याचा घरगुती उपाय आम्ही तीन ठिकाणी पाहिला. कल्पकतेचे कौतुक वाटले आणि तिन्ही खुर्च्या आम्ही काढून टाकायला लावल्या. आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत रकमेवर कमोडखुर्ची मिळते, तिचा उपयोग अशा वेळी करावा, मात्र नेताना तिच्या चारही पायांचे रबर पाहून घ्यावे. झिजलेले रबर ओल्या फरशीवर साबणासारखे सरकते.

सर्वच घरी हे इतके सरळ होत नाही. जुन्या वाड्यांतून शौचालय चार बिऱ्हाडांचे असते. सीट बदलायची कोणी, घरमालकाने की भाडेकरूने, या वादात वर्ष निघून जाते, आणि ज्याला तिची गरज आहे तो वाद घालण्याच्या परिस्थितीत नसतो. आमच्या वैद्यकीय समाजसेवा विभागातील भगिनींनी अशा दोन वाड्यांत जाऊन बैठक घेतली. एका ठिकाणी चौघांनी वर्गणी काढली. दुसऱ्या ठिकाणी अद्याप काही झालेले नाही, आणि तेथील आजोबा कमोडखुर्चीवरच आहेत.

धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, आणि त्यासाठीचा निधी वेगळा ठेवावा लागतो. तो निधी उपचारासाठी आहे. त्यावर रुग्णाच्या घरच्या सीटचा भार आम्ही टाकलेला नाही. सध्या हे काम दोन्ही विभागांतील कर्मचाऱ्यांनी स्वतःहून काढलेल्या पैशांतून चालते. विश्वस्त मंडळाने वेगळ्या लहानशा तरतुदीचा विचार करावा, अशी विनंती आम्ही लेखी सादर केली आहे. तिचा येथे पुनरुच्चार करतो.

घरी सोडण्याच्या कागदावर आता ‘कमोड आहे का’ या प्रश्नाखाली आणखी चार प्रश्न आहेत. सीट हलते का. तडा आहे का. बादली कोठे ठेवता. रात्री तेथपर्यंत दिवा आहे का. नातेवाइकांनी जमल्यास शौचालयाचे छायाचित्र आणावे असेही त्यात लिहिले आहे. पहिल्यांदा लोक चमकतात, नंतर आणतात. भौतिकोपचार विभागाच्या एका कप्प्यात मोजपट्टी, पाना, हॅक्सॉचे पाते, तेलाची बाटली आणि निरनिराळ्या मापांचे वॉशर ठेवलेले आहेत. ज्यांना हवे असेल त्यांनी नोंदवहीत नाव लिहून न्यावे.

आजी सहा आठवड्यांनी तपासणीसाठी आल्या, वॉकर सोडून काठीवर आलेल्या होत्या. नवी सीट बसवली तेव्हा त्यांचा नातू फिटरकाकांच्या शेजारी बसून सगळे पाहत होता. पुढे शेजारच्या बिऱ्हाडाची सीट त्याने एकट्याने बदलली, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही त्याला बोलावले आहे. ‘‘पाना घरात राहतच नाही आता, कोणीतरी घेऊन गेलेलं असतं,’’ असे आजी म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला आमचा वॉकर परत आणते असेही त्यांनी सांगितले.